पाणथळीचं तोंड शोधा: शहरातलं पाखरांचं रान राखायला सुरुवात कुठून करावी

डिसेंबरातल्या एका अमावास्येला भर दुपारी मी आमच्या भागातल्या पाणथळीच्या बांधावर उभा होतो. त्याआधी तीन वर्षं मी तिथे रविवारी सकाळी सहाला जायचो. गळ्यात दुर्बीण, खिशात वही. रोहित (फ्लेमिंगो) कधी शेकड्यांनी दिसायचे, कधी एकही नसायचा, आणि असं का होतं ते मला कळत नव्हतं. त्या दुपारी बांधावर एक आगरी काका जाळं दुरुस्त करत बसले होते. मी विचारल्यावर त्यांनी रस्त्याखालून येणाऱ्या एका सिमेंटच्या पाइपाकडे बोट दाखवलं. पाइपाच्या तोंडाशी पाणी आधी जागच्या जागी गोल फिरलं, मग काडीकचरा पुढे ढकलत आत सरकलं. अर्ध्या तासात तडे गेलेला चिखल काळा, ओला, चकचकीत झाला. निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारायला लागल्या. काका म्हणाले, "पानी आयला त मासली आयली, न मासली आयली त पाखरा आयली." थोड्याच वेळात खाडीच्या बाजूने रोहितांची पहिली रांग उडत आली.

शहरातली पाणथळ वाचवायची तर तिचं तोंड वाचवायला हवं, हे मला तेव्हा उमगलं. तोंड म्हणजे पाणी जिथून आत येतं आणि बाहेर जातं ती जागा. भराव टाकणारा ट्रक सगळ्यांना दिसतो, त्याचा व्हिडिओही फिरतो. बुजलेला पाइप मात्र कुणाच्या नजरेत येत नाही, आणि दोन-तीन वर्षांत "इथे तर पाणीच नाही, ही कसली पाणथळ" असं म्हणायला लोक मोकळे होतात.

नवी मुंबईत नेरूळला डीपीएस शाळेजवळ असलेल्या डीपीएस तलावाचं उदाहरण ताजं आहे. २०२४ मध्ये तिथे भरतीचं पाणी यायचा मार्ग बंद पडला, तळं आटत गेलं आणि त्या काळात परिसरात काही रोहित मेले. तिथल्या नागरिकांनी पाण्याचा मार्ग मोकळा करा ही मागणी लावून धरली. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र, म्हणजे वन्यजीव कायद्याखाली संरक्षित जागा, करायला मान्यता दिली.

खालच्या पायऱ्या प्रामुख्याने खाडीकाठच्या शहरांसाठी आहेत, म्हणजे ठाणे, नवी मुंबई, वसई, उरण. पुण्या-नागपूरकडच्या वाचकांनी भरतीच्या जागी ओढा धरावा. तिथे काय वेगळं करायचं ते ओघात सांगतो.

पहिला महिना नुसतं पाहा

तक्रार नको, फेसबुक पान नको, मोहीम नको. आधी वेळापत्रक शिका.

रोहित ओहोटीला खाडीतल्या उघड्या चिखलात चरतात. भरती चढली की तो चिखल बुडतो आणि त्यांना टेकायला जागा उरत नाही. मग ते काठावरच्या उथळ पाणथळींत येतात, तिथे विसावतात, थोडं खातात आणि पाणी उतरलं की परततात. ठाणे खाडीतलं रोहित अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जाही मिळाला. पण भरतीच्या वेळी हे पक्षी ज्या तळ्यांवर येतात त्यातली बरीचशी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. घराला संरक्षण आणि अंथरुणाला नाही, अशी ही गत आहे. वन्यजीवांची जोडवाट म्हटलं की डोळ्यांसमोर जंगलाचा हिरवा पट्टा येतो. इथली जोडवाट हवेतून जाते आणि दिवसातून दोनदा उघडते.

भरतीची वेळ काढायला कोळी-आगरी मंडळींचा जुना हिशेब अजून चालतो: तिथीला तीनने गुणा, चारने भागा. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरावी तिथी धरून सव्वाअकरा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून अधिकृत भरती-ओहोटीचं कोष्टकही जवळ ठेवा. पण हा हिशेब पाठ असला की कॅलेंडर पाहून मनातल्या मनात दिवस ठरवता येतो.

महिन्याभरात निदान चार फेऱ्या मारा: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला, त्याच दिवशीच्या ओहोटीला, अष्टमीच्या भांगाला जेव्हा पाणी कमी चढतं, आणि एकदा रात्री. रात्री एकट्याने जाऊ नका. काठावरच्या दिव्यांचा झोत पाण्यावर कुठे पडतो ते रात्रीच कळतं.

तोंड शोधणं आणि मोजणं

हे काम सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून सविस्तर सांगतो.

ओहोटीला पाणथळीची पूर्ण प्रदक्षिणा करा. रस्त्याखालचे पाइप, नाल्याचे फाटे, बांधातली खिंडारं, जुन्या खारबंदिस्तीच्या (खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधांच्या) उघाड्या, सगळं शोधा. उघाडी म्हणजे बांधातली झडप. ओहोटीला ती शेतातलं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला मिटते. तिचे लाकडी अवशेष कधीकधी झुडपांत सापडतात. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं मागे मागे सरकवत जा, एखादी निळसर रेघ कोणत्या वर्षी नाहीशी झाली ते दिसतं. आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा. आमच्याकडे चार तोंडं निघाली. त्यातलं एक उपग्रहाच्या चित्रात दिसतच नव्हतं. ते काकांनी दाखवलं, कारण लहानपणी ते तिथे चिंबोऱ्या पकडायचे.

प्रत्येक तोंडाला नंबर द्या. त्याचा अक्षांश-रेखांश, अंदाजे रुंदी, समोर काय अडलंय आणि ठरलेल्या एकाच जागेवरून काढलेला फोटो, एवढी नोंद ठेवा.

मग एक सरळ बांबू घ्या. पांढऱ्या ऑइलपेंटने दर दहा सेंटिमीटरला पट्टा ओढा, आकडे काळ्या रंगाने लिहा. खालचा भाग तासून टोकदार करा. असे दोन बांबू लागतील, एक तोंडाच्या बाहेर खाडीच्या बाजूला, दुसरा आत. जागा सरकारी किंवा वन खात्याची असेल तर आधी परवानगीचं पत्र द्या. नाही मिळाली तर बांधाच्या दगडावरची एखादी पक्की खूण धरा आणि टेपने मोजा. उधाणाच्या दिवशी तीन तास थांबा आणि दर पंधरा मिनिटांनी दोन्हीकडचा आकडा लिहा.

बाहेर पाणी चढलं आणि आत काहीच हललं नाही, तर तोंड बंद आहे. आत चढलं पण पूर्ण भरतीनंतर सहा तासांनीही उतरलं नाही, तर बाहेर जायची वाट अडली आहे. हा दुसरा आजार लोक ओळखत नाहीत. वरून तळं भरलेलं, सुंदर दिसतं. पण तिवराची, म्हणजे कांदळवनातल्या (मँग्रोव्हच्या) झाडाची, मुळं श्वासासाठी चिखलातून वर आलेली असतात, पेन्सिली रोवल्यासारखी. ती दिवसरात्र पाण्याखाली राहिली की झाड गुदमरतं. शिवाय पाणी खोल झालं तर तुतवार, शेकाटे यांच्यासारख्या उथळ पाण्यातल्या पक्ष्यांना पाय टेकत नाहीत. भरलेलं तळं म्हणजे निरोगी तळं नव्हे.

गोड्या पाण्याच्या तळ्यांना हाच तपास पावसाळ्यात करायचा. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत छत्री घेऊन ओढ्याकाठाने चालत वर जा. पुण्यात खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावणारी रामनदी पाषाण तलावातून पुढे मुळेला मिळते. टेकडी, तलाव आणि नदी यांना जोडणारी वाट तीच. असा ओढा सिमेंटच्या नळात घातला की पाणी कसंबसं जातं, पण मुंगूस, घोरपड, बेडूक यांची वाट संपते.

जमिनीवरची ये-जा

मुंबई आणि नवी मुंबईच्या कांदळवनांत कोल्हे आहेत, हे अजून कित्येक रहिवाशांना ठाऊक नसतं. ओहोटीला ओल्या चिखलात पावलं उमटतात. कुत्र्याचं पाऊल गोलसर आणि पसरट असतं, कोल्ह्याचं लांबट आणि आटोपशीर. पावलाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. खात्री नसेल तर नोंदीत 'कोल्हा किंवा कुत्रा' असंच लिहा. एक खोटी नोंद पुढे तुमच्या शंभर खऱ्या नोंदी पाडते.

रस्त्यावर गाडीखाली मेलेले साप, मुंगूस, रानमांजर यांची जागा आणि वेळ टिपून ठेवा. वर्षभरात नकाशावर ठिपके एकाच पन्नास-शंभर मीटरच्या टापूत दाटलेले दिसले, तर तीच त्यांची ओलांडायची जागा. गतिरोधक, सूचनाफलक किंवा रस्त्याखालचा कोरडा पाइप मागायचा तो तिथेच.

कागद

सातबारा आणि गट नकाशा ऑनलाइन मिळतात. शहराच्या विकास आराखड्यात त्या जागेवर कोणता रंग, म्हणजे कोणता वापर ठरवलेला, आहे ते पाहा. रंगच रहिवासी किंवा संस्थेचा असेल, तर खरी लढाई तिथली आहे. आराखड्यावर किंवा त्यातल्या बदलावर हरकती मागवल्या जातात तेव्हा जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते. गटातल्या एका माणसाने ते पान रोज पाहायचं, एवढंच त्याचं काम.

बहुतेक अर्ज एका ठिकाणी चुकतात. २०१७ चे पाणथळ संवर्धन नियम सरसकट सगळीकडे लागू होत नाहीत. किनारा नियमन क्षेत्रात (सीआरझेड) किंवा वन आणि वन्यजीव कायद्यांखाली येणाऱ्या जागा त्यातून वगळल्या आहेत, कारण तिथे ते ते कायदे लागू होतात. त्यामुळे भरतीचं पाणी येणाऱ्या जागेसाठी किनारा व्यवस्थापन आराखड्याचा नकाशा काढायचा आणि अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे व राज्य किनारा प्राधिकरणाकडे करायचा. कांदळवन असेल तर वन विभागाचा कांदळवन कक्ष आहेच. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात कांदळवनांची तोड आणि भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातली बांधकामं रोखली आहेत. तो संदर्भ अर्जात जरूर द्या. कोकण विभागासाठी उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेली पाणथळ तक्रार निवारण समितीही आहे. तिचे अध्यक्ष विभागीय आयुक्त असतात.

गोड्या पाण्याची तळी २०१७ च्या नियमांखाली येऊ शकतात. त्यातही पिण्याचं पाणी, सिंचन, मत्स्यशेती, मिठागर यांसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. समोरचा पक्ष हाच मुद्दा काढतो, त्याची तयारी ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये देशातल्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षणाचं तत्त्व लागू केलं. ही यादी इस्रोच्या उपग्रह नकाशांवरून केलेली असून त्यात सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या जागा आहेत. तुमचं तळं तिच्यात आहे का ते तपासा.

जे कागद सहज मिळत नाहीत त्यांच्यासाठी माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत, उत्तर न आल्यास पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. प्रश्न कधीही 'का' ने सुरू करू नका. "सर्व्हे क्रमांक अमुकमध्ये भराव टाकण्यास दिलेल्या परवानगीची प्रत द्यावी" असं थेट मागा. आणि राष्ट्रीय हरित लवादाकडे (पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणाकडे) जायची वेळ आलीच, तर घटनेपासून सहा महिन्यांची मुदत धरून चाला.

माणसं

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून सुरुवात करू नका. आधी त्या पाण्यावर पोट असलेल्यांकडे जा. कोळी, आगरी, चिंबोऱ्या आणि कालवं काढणाऱ्या बायका, गुरं चारणारे. पक्षीमित्र महिन्यातून दोनदा येतात, ही माणसं रोज असतात. रात्री कुणाचा डंपर आला हे त्यांना सकाळी सहाला माहीत असतं. पण त्यांच्याकडून माहिती घ्यायची आणि जाळी टाकायला बंदीची मागणी करायची, हे चालणार नाही. आमच्या पहिल्या निवेदनात कुणीतरी "परिसरात प्रवेश बंद करावा" असं वाक्य घातलं होतं. काकांनी ते वाचून कागद मुकाट्याने परत दिला. आम्ही घरी जाऊन माफी मागितली आणि ते वाक्य काढलं. तोंड मोकळं झालं तर त्यांना मासळी मिळते आणि पाखरांना चारा, हे दोघांचं समान हित आहे, ते पहिल्या ओळीत लिहा.

त्यांच्यानंतर सफाई कर्मचारी आणि मुकादम, मग शाळेतले भूगोल-विज्ञानाचे शिक्षक, मग सोसायट्या. पालिकेत आणि ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायलाच हवी, २००२ च्या कायद्याने ते बंधन आहे. लोक जैवविविधता नोंदवहीत तुमच्या पाणथळीची नोंद आहे का विचारा, नसेल तर करून घ्या. उद्या संवर्धन राखीव क्षेत्राचा प्रस्ताव करायचा झाला तर हीच नोंद कामी येते.

पक्ष्यांच्या नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, दर वेळी त्याच जागेवरून आणि तेवढाच वेळ. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तिच्यात तुमची जागा घाला. मुलांना मराठी नावं शिकवा. हळदी-कुंकू बदक एकदा चोचीच्या टोकाचा पिवळा आणि कपाळाचा लाल रंग दाखवून सांगितलं की पोरं विसरत नाहीत.

तक्रार अशी लिहा

भावना बैठकीत बोलून दाखवा, अर्जात आकडे द्या. नमुना देतो:

"विषय: सर्व्हे क्र. ___ येथील पाणथळीत येणाऱ्या भरतीच्या पाण्याचा मार्ग बंद झाल्याबाबत.

महोदय, दि. ___ रोजी अमावास्येच्या पूर्ण भरतीच्या वेळी खाडीच्या बाजूस पाणी ___ सें.मी. चढले असता पाणथळीच्या आत वाढ शून्य होती. दि. ___ रोजी हीच वाढ ___ सें.मी. होती. तोंड क्र. २ (अक्षांश-रेखांश ___) समोर राडारोडा टाकलेला आहे. एकाच जागेवरून काढलेली दोन्ही दिवसांची छायाचित्रे जोडली आहेत. मागणी: (१) सदर राडारोडा काढून मार्ग पूर्ववत करावा. (२) संयुक्त पाहणी उधाणाच्या भरतीच्या वेळी करावी व अर्जदारांना आगाऊ कळवावे. (३) पंचनाम्याची प्रत द्यावी."

दुसरी मागणी कधीही गाळू नका. आमच्या अर्जावर एका कार्यालयाची पाहणी झाली ती ऐन ओहोटीला. अहवालात आलं, "जागेवर पाणी आढळून आले नाही." ते वाक्य खोडायला आम्हाला अकरा महिने लागले.

अर्ज आवक विभागात देऊन शिक्का घ्या, पोच जपा, एकच अर्ज संबंधित सगळ्या कार्यालयांना द्या. ट्रक डेब्रिज टाकताना दिसला तर अडवायला जाऊ नका. लांबून गाडीचा नंबर, वेळ आणि जागा टिपा, ११२ वर पोलिसांना किंवा १९२६ वर वन विभागाला कळवा. रात्री एकट्यादुकट्याने अशा जागी थांबणं जिवावर बेतू शकतं.

सुशोभीकरणापासून सावध

भरावापेक्षा मला याची भीती जास्त वाटते, कारण ते टाळ्यांच्या गजरात येतं. काठ सिमेंटने बांधून काढायचा, फरशीची पायवाट, कारंजं, रंगीत दिवे, फोटोसाठी चौथरा. पाणथळीचा जीव असतो तिच्या काठाच्या उतारात, जिथे पाणी आणि माती यांची सीमा रोज सरकते. तिथे चिखल, लव्हाळं, किडे, शिंपले असतात आणि तिथेच पक्षी चरतात. तो उतार उभ्या भिंतीने कापला की उरतो तो हौद.

असा प्रस्ताव आला की नुसता विरोध करून भागत नाही, कारण लोकांना फिरायला जागा हवीच असते आणि ती मागणी रास्त आहे. पर्यायी नकाशा घेऊन जा: पायवाट काठापासून मागे आणि एकाच बाजूला, मातीची किंवा मुरमाची. दिवे खाली वळलेले, पिवळसर आणि रात्री दहानंतर बंद. बसायला बाक, मध्ये झुडपांची आड. बाकीच्या तीन बाजू तशाच सोडायच्या. नगरसेवकांना भूमिपूजनासाठी काहीतरी लागतं. त्यांना या पायवाटेचं आणि माहितीफलकाचं भूमिपूजन करू द्या.

वृक्षारोपणाचंही तेच. उघडा चिखल आणि गवताळ काठ ही रिकामी जागा नव्हे. तिथे झाडं लावून टिटवीची घरटी आणि पक्ष्यांची मोकळी नजर आपण घालवतो. आजूबाजूला सगळं स्वच्छ दिसलं तरच त्या पक्ष्यांना निर्धास्तपणे उतरता येतं. तलावात शोभेचे मासे सोडणं, बदकांना पाव घालणं, निर्माल्य टाकणं हेही थांबवा. निर्माल्यासाठी कलश ठेवा, तो रोज रिकामा होईल एवढी व्यवस्था आधी करा.

सफाई मोहीम घ्या, पण काठावरूनच. शंभर माणसं चिखलात उतरली तर प्लास्टिकबरोबर तिवराची रोपंही चिरडली जातात. हिवाळ्यात, पक्षी असताना, पंधरा-वीस जणांपेक्षा जास्त नको आणि ओहोटीची वेळ धरा, म्हणजे पक्षी खाडीत चरायला गेलेले असतात. ड्रोन नाही. थवा उडवून रील काढणाऱ्यांना जाऊन सांगा की हे पक्षी इथे विसाव्याला आलेत, दर वेळी उडवलं की त्यांची चरून साठवलेली ताकद खर्च होते. बहुतेक जण ऐकतात.

पुढच्या अमावास्येची तारीख कॅलेंडरवर पाहा. त्या दिवशी साडेदहाला टोपी, पाण्याची बाटली, टेप, वही आणि रंगवलेले दोन बांबू घेऊन निघा. सावली मिळणार नाही. बांधावर कुणी जाळं शिवत बसलं असेल, तर आधी त्यांच्याशेजारी जाऊन बसा.